काळी आहे, पण किती खोल?

मार्च उजाडला की माझ्या मोबाइलवर मातीचे फोटो यायला लागतात. कुणी सुप्याच्या अलीकडे वीस गुंठे घेतलेले असतात, कुणी जेजुरीच्या पुढे एकरभर, कुणाला सासवडच्या वरच्या अंगाला डोंगर दिसणारा प्लॉट मिळालेला असतो. फोटोत तळहातावर मूठभर माती, मागे कोरे करकरीत बूट आणि खाली लिहिलेलं, "ताई, माती बघा कशी काळीभोर आहे. केशर आंबा येईल ना? पन्नास रोपं बाजूला ठेवा."

माझं उत्तर ठरलेलं आहे. "दादा, पहार किती गेली?"

बहुतेकांकडे पहार नसते. मग मी म्हणते, आधी एक खड्डा घ्या, रोपांचं नंतर बोलू. माझी नर्सरी दिवेघाटाच्या पायथ्याशी, वडकीच्या बाजूला आहे. रोपं विकणं हा धंदा, आणि पन्नास केशर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला असं अडवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं नवऱ्याचं स्पष्ट मत. पण लावलेलं झाड तिसऱ्या उन्हाळ्यात वाळलं की लोक मातीला नाही, नर्सरीला शिव्या देतात. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पुढच्या वेळी फोटो आला की लिंक पाठवून मोकळी.

पुण्याच्या पूर्वेला माती काळी नसेल तरच नवल. त्यामुळे रंगावरून पारख करायला गेलात तर हाती काही लागत नाही. ही काळी माती एक वीतभर असू शकते, दोन पुरुष खोलही असू शकते, आणि वरून फोटो काढला तर दोन्ही अगदी सारख्या. बरं, काळी म्हणजे शेणखत मुरलेली, कसदार, असंही नाही. या जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. काळेपणा येतो तो मुख्यतः बेसॉल्टमधल्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळातल्या, लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळे आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थामुळे. म्हणजे रंग दगडाकडून आलाय, उकिरड्याकडून नाही.

इंग्रजांच्या महसूल खात्याला ही गोष्ट पक्की ठाऊक होती. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या जमीन मोजणीची सुरुवात केली ती आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. पुढे या पद्धतीत जमिनीची प्रत आण्यांत ठरू लागली आणि ती ठरवताना पोताच्या जोडीला खोली बघायची. उत्तम पोताची काळी पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. तीच काळी हातभर असेल तर दहा आणे, अर्धा हात असेल तर सहा आणे. वर चुनखड, चोपण (क्षारांनी बिघडलेली जमीन), उतार असले दोष निघाले की आणखी कपात. सारा वसूल करायचा होता त्यांना, मातीचं प्रेम वगैरे नव्हतं. पण त्यासाठी माणसं शेताशेतांत खड्डे घेत हिंडली. आज चाळीस लाखांचा प्लॉट घेणारा माणूस सातबारा वकिलाला दाखवतो, वास्तू बघणाऱ्याला दाखवतो, आणि जमिनीत साधी कुदळ मारत नाही. आमचे आबा, म्हणजे सासरे, कुठल्या जमिनीला नावं ठेवायची असली की अजून म्हणतात, "सहा आण्याचा माल आहे तो."

ही खोली एवढी कमी-जास्त का होते ते बघायचं असेल तर दिवेघाट चढा. रस्त्यासाठी कापलेल्या कडेला सगळं उघडं पडलेलं आहे. खाली घट्ट काळा कातळ, त्याच्यावर भुसभुशीत, भोकाभोकांचा थर, त्या भोकांत पांढरे स्फटिक, मध्येच एखादा विटकरी पट्टा, की पुन्हा कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले त्यांचे हे थर. ते पांढरे स्फटिक म्हणजे झिओलाइट. वाघोलीच्या खाणींत सापडणारं निळं कॅव्हनसाइट तर जगभरचे खनिजवेडे जपून ठेवतात. घाट संपला की सासवडचं पठार लागतं. तिथे गाडी थांबवून नुसतं उताराकडे बघा. माथ्यावर मुरूम उघडा पडलाय, खुरटं गवत आहे. मधल्या उतारावर बाजरी-हुलग्याची पट्टी, माती वीत-दीड वीत. आणि खाली ओढ्याच्या काठाला काळी एवढी की विहीर खणताना पहिल्या दोन पुरुष खोलीत दगडच लागत नाही. दगड तिन्हीकडे तोच. माथ्यावर झिजून जी माती होते ती पावसाबरोबर खाली जाते. हजारो वर्षं ही ने-आण चालली आहे. एकाच गटात वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत चालत गेलात तर तीन प्रकारच्या जमिनी पायाखालून जातात. प्लॉट पाडणारा मात्र तिन्हींना एकच भाव लावतो.

दगडाची काळी चिकणमाती का झाली, लाल माती का नाही, यामागे पाऊस आहे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो हे सगळं धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजेच तिथला तांबडा जांभा. दगड तोच, सह्याद्रीचाच. पण सासवड, सुपे, बारामतीकडे पाऊस पाचशेच्या आतबाहेर. एवढ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून जात नाही, जागच्या जागी राहतं, आणि त्या वातावरणात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती तयार होते. तिचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या चळती. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, चळत फुगते. पाणी गेलं की आकसते. पावसाळ्यात पायाला लोळागोळा होऊन चिकटणारी माती आणि मे महिन्यात पाय मुरगळेल एवढ्या भेगा पडलेली माती ही एकच, ती या फुगण्या-आकसण्यामुळे. कुठल्याही वनस्पतीसाठी यात एक मोठा फायदाही आहे. या पापुद्र्यांवर अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद जबरदस्त असते. जांभ्याच्या मातीला ती नाही.

आता एक खड्डा सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या खड्ड्यात काय बघायचं ते कळेल. सुप्याच्या माळाकडे जाताना डाव्या हाताला एक प्लॉट. हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं, दोघंही उत्साही. एप्रिलचा शेवट. मी पहार, कुदळ, पाण्याची बाटली आणि ड्रॉपरच्या बाटलीत थोडं पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन गेले होते. (ही बाटली शेतकी कॉलेजपासूनची सवय. नवरा तिला 'तीर्थ' म्हणतो.)

वरचे दोन-तीन बोटं माती रवाळ, मोकळी, हाताने उचलावी अशी. उन्हातान्हाने, आकसून-फुगून ती आपोआप भुगा झालेली असते. एवढीच माती फोटोत येते, आणि ती फार छान दिसते. त्याच्या खाली कोनदार ढेकळं सुरू. कुदळीने एक ढेकूळ काढलं, दोन्ही हातांनी दाबलं, फुटेना. त्यावर थोडं पाणी घालून मळलं तर दोन मिनिटांत माती लवचीक झाली, सुतळीएवढी वळी न तुटता निघाली. म्हणजे चिकणमाती भरपूर, यात शंका नाही. खड्ड्याच्या एका बाजूला भेग गेली होती. वर दोन बोटं रुंद, खाली निमुळती. तिच्यात वरून पडलेल्या रवाळ मातीबरोबर वाळलेलं गवत आणि ज्वारीच्या धसकटाचा एक तुकडा हातभर खाली जाऊन बसला होता. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलं असेल, काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते म्हणून. ती ही गोष्ट. वरची माती भेगेतून आत पडते, पावसाळ्यात खालची फुगून तिला वर रेटते. खोल जमिनीत हे एवढ्या जोरात चालतं की खालच्या थरात मातीवर माती घासून तिरपे, गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग तयार होतात. उथळ जमिनीत ते फारसे दिसत नाहीत. रेटारेटीला जागाच नाही, त्याआधी मुरूम येतो.

दीड वीत खाली पांढरे खडे दिसायला लागले, हरभऱ्याएवढे, काही त्याहून मोठे. आम्लाचा थेंब टाकला, फस्स करून फेस आला. चुनखडी. त्या बाईंनी लगेच व्हिडिओ काढला.

आणि त्याच्या खाली पहार खर्र करत आत गेली. हा आवाज कानात साठवून ठेवा. पहार ठण्ण करून उसळली आणि हाताला झिणझिण्या आल्या तर खाली कातळ. खर्र करून चार बोटं आत घुसली, तिरकी दाबल्यावर पिवळट-राखी चुरा निघाला, तर मुरूम. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसॉल्टच. त्यात मध्ये गोल दगड, त्यांना एकावर एक सुटणारे पापुद्रे, आणि त्या पापुद्र्यांच्या सांध्यांतून केसाएवढी बारीक मुळं गेलेली दिसली. बांधावरच्या बोरीची असावीत. ती बघून मी म्हटलं, "दादा, जमीन चांगली आहे."

"पण ताई, माती तर फूटभरच आहे."

"माती फूटभरच आहे. पण खाली मुरूम आहे. कातळ असता तर मी गाडीत जाऊन बसले असते."

काळी माती किती, हा अर्धा प्रश्न झाला. तिच्या खाली काय, हा उरलेला अर्धा. आमच्या पुरंदरची अर्धी फळबाग या दुसऱ्या अर्ध्यावर उभी आहे.

आता पाण्याचा हिशोब. या चिकणमातीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण दर सेंटिमीटर खोलीला दीड ते दोन मिलिमीटर मावतं. तीस सेंटिमीटर माती असेल तर ४५ ते ६० मिलिमीटर. पीक भरात असताना दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडून आणि पिऊन जातं. म्हणजे जमीन तुडुंब भरलेली असली तरी दहा-बारा दिवसांत पीक माना टाकायला लागणार. हीच माती नव्वद सेंटिमीटर असेल तर महिनाभर निभावतं. आपल्याकडे ऑगस्टमध्ये पावसाचा दोन-तीन आठवड्यांचा खंड पडणं ही काही बातमी नाही, दरसालचं आहे. खोल जमिनीवाला त्या खंडात लग्नाच्या बोलण्या करतो, उथळ जमिनीवाला आभाळाकडे बघतो. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो.

बरं, पडलेलं सगळं पाणी तरी आत जातं का? जूनचा पहिला पाऊस भेगांतून थेट खाली उतरतो, वरची माती नीट भिजायच्या आधीच. हा पाऊस मुरमापर्यंत पोचतो आणि झाडांच्या दृष्टीने तोच सगळ्यांत मोलाचा. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर ही जमीन पाणी घेते ते तासाला जेमतेम काही मिलिमीटर. जोरदार सर आली की वरून गढूळ काळं पाणी उताराने धावत सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं. फूटभर मातीतून दरवर्षी थोडं थोडं गेलं तर काय राहणार? म्हणून उताराला आडवी नांगरट, आडवे चर, बांध. यात नवीन काहीच नाही, आबांच्या वडिलांनी घातलेले ताल अजून आमच्या वरच्या तुकड्यात आहेत. पण प्लॉट पाडताना पहिलं काय होत असेल तर जेसीबी येतो आणि ताल मोडून सगळं सपाट करतो.

त्या सपाटीकरणाचं दुखणं मला घरचंच आहे. नर्सरीच्या मागचा तुकडा सपाट करायला आम्ही एक जेसीबीवाला बोलावला. मी रोपांच्या गाडीबरोबर बाहेर होते. संध्याकाळी येऊन बघते तर जमीन काचेसारखी सपाट, आणि रंग पिवळा! त्याने वरची काळी खाली गाडली आणि खालचा मुरूम वर पसरला होता. वर मलाच म्हणतो, "मॅडम, आता चिखल होणार नाही." चिखल खरंच होत नाही. तिथे आता आम्ही गाड्या लावतो.

या मातीचं वेळापत्रकही फार कडक असतं. ओली असताना औत घातलं तर रुततं आणि वाळल्यावर विटा तयार. कोरडी असताना घातलं तर ढेकळं फुटत नाहीत. मधली वापशाची जी वेळ असते ती भारी जमिनीत जरा लांबते, उथळ जमिनीत दोन-चार दिवसांत निसटते. शेजारच्या गावात ट्रॅक्टर भाड्याने मिळेपर्यंत वापसा गेलेला असतो. कोरडवाहू शेतीची निम्मी धावपळ या दोन-चार दिवसांची असते.

या असल्या जमिनींतून दोन दाणे जास्त कसे काढायचे याचा पद्धतशीर अभ्यास आपल्या शेजारीच सुरू झाला. हडपसरपलीकडच्या मांजरीला १९२३ मध्ये कोरडवाहू संशोधनाचं काम सुरू झालं, आणि दहा वर्षांनी सोलापूरला त्याचं मोठं केंद्र उभं राहिलं. आज राहुरीचं कृषी विद्यापीठ रब्बी ज्वारीचं वाण सुचवतं ते जमिनीच्या खोलीवरून. तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, साठपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, त्याहून खोल भारी जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा. मला हे फार आवडतं. रंगाचा उल्लेखही नाही.

रब्बी ज्वारीतली आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पाऊस संपल्यावर पेरलेली ज्वारी सगळी साठलेल्या ओलीवर येते. जमीन वाळत जाते तशा भेगा उघडतात, आणि त्या भेगांच्या दोन्ही भिंतींतून ओल उडायला लागते. शिवाय बारीक मुळं ताणून तुटतात. म्हणून पेरणीनंतर आठव्या आठवड्याच्या सुमाराला दातेरी कोळप्याने तिसरी कोळपणी करायची. तण काढायला नव्हे, भेगा बुजवायला. वरची दोन बोटं माती मोकळी होऊन भेगेत पडते आणि झाकण बसतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात ते यावरून. तुमच्या प्लॉटवर ज्वारी नसेलही, पण झाडाच्या आळ्यात भेगा दिसल्या की खुरपं घेऊन हेच करायचं. वर पाचट, पालापाचोळा, काहीही पसरा. ठिबक लावलंय म्हणून भेगांकडे दुर्लक्ष करू नका. ठिबकचं पाणी भेग सापडली की सरळ खाली जातं आणि झाडाच्या तोंडाला पानं पुसतं.

आता झाडांकडे येते, कारण शेवटी तुम्ही माझ्याकडे त्यासाठीच येणार. पुरंदरचं अंजीर २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिळवून बसलंय. सासवडचं सीताफळ तर पुण्याच्या मार्केट यार्डात नावाने विकलं जातं. ही दोन्ही झाडं याच मुरमाड, उथळ, चुनखडीच्या जमिनींवर सुखात राहतात. अंजिराला पाय पाण्यात ठेवलेले सोसत नाहीत. खाली मुरूम असला की जादा पाणी निघून जातं. चुन्याचं त्याला वावडं नाही. पावसाळ्यात बहार धरला की हिवाळ्यात फळ, तो खट्टा बहार. हिवाळ्यात पाणी देऊन धरला की उन्हाळ्याच्या तोंडाशी फळ, तो मीठा. सीताफळ तर उन्हाळ्यात पानंच टाकून देतं. पाणी नाही तर पानं नाहीत, असा त्याचा रोखठोक कारभार आहे. ओलीचा साठा लहान असताना मार्च ते मे झोपून काढणारं झाड म्हणजे निम्मी कटकट मिटली.

आणि केशर? येतो. खाली फुटणारा मुरूम असेल, दोन-तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी असेल, तर येतो. पण मीटरभर खड्डा खणून त्यात विकतची लाल माती भरायची, हा जो प्रकार सगळे करतात, तो खाली कातळ असेल तर घातक. कातळात खड्डा घेऊन भरलात म्हणजे झाड जमिनीत नाही, कुंडीत लावलं. भोक नसलेल्या कुंडीत. पावसाळ्यात त्यात पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात तीच मुळं भिंतीला लागून गोल फिरतात. तिसऱ्या वर्षी वाळतं ते यामुळे. मग नर्सरीचा उद्धार.

चुनखडीचं दुसरं लचांड म्हणजे केवडा. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक म्हणतात खत कमी पडलं, आणि आणखी युरिया टाकतात. लोह जमिनीत असतं, बेसॉल्टच्या मातीत लोहाला काय तोटा. पण सामू (pH) आठच्या वर आणि चुना भरपूर असला की ते मुळांना घेता येत नाही. स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) तसंच, चुना त्याला धरून ठेवतो. फेरस सल्फेट नुसतं मातीत फेकलंत तर त्याचंही हेच होणार. ते शेणखतात मिसळून मुरवून द्या किंवा पानांवर पातळ फवारा. पुण्यातल्या बाल्कनीतली लिंबं पिवळी पडतात त्यातही बोअरच्या जड पाण्याचा आणि याच चुन्याचा हात असतो, पण तो विषय वेगळा.

माती वाढवता येते का, असं हमखास विचारतात. येते. पाझर तलावांत साठलेला गाळ म्हणजे या माथ्यांवरूनच गेलेली माती. सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. माझं मत विचाराल तर गाळ टाका, पण उघड्या मुरमाड तुकड्यावर टाका आणि मुरमात मिसळा. आधीच फूटभर चिकणमाती असलेल्या जमिनीवर आणखी चिकणमातीचा जाड थर दिलात तर पाणी मुरायचं आणखी कमी होतं. त्यापेक्षा मेंढरं बसवा. दिवाळीनंतर धनगरांचे कळप या भागातून जातात, रात्रभर वाडा आपल्या रानात बसवला की लेंडीखत आणि मूत थेट मातीत. अर्ध्या टक्क्याच्या कर्बाला याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

उथळ असण्याचं एक भाग्यही आहे, ते कुणी सांगत नाही. खाली मुरूम असल्यामुळे पाणी निघून जातं, त्यामुळे मीठ साचत नाही. कालव्याचं पाणी मनसोक्त प्यायलेल्या खोल काळ्या जमिनींची काय गत होते ते नीरा खोऱ्यात बघा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वीच, १९१० साली, तिथल्या खारवट जमिनींचा अभ्यास छापला होता. सोळा आण्याच्या जमिनी चोपण झाल्या. वरची सहा आण्याची आपली हुलगा-मटकी पिकवत राहिली.

बांधकामालाही हे उथळपण पथ्यावर पडतं. फुगणाऱ्या मातीवर पाया ठेवला की कंपाउंडची भिंत दोन पावसाळ्यांत तिरपी तडकते. इथे फूट-दोन फूट काळी उचलून बाजूला केली की मुरूम लागतो, पाया त्यावर घ्या. काढलेली काळी फेकू नका, विकू तर मुळीच नका. ती झाडांच्या वाट्याची आहे.

आणि काही तुकड्यांवर झाडं लावूच नका, हेही मीच सांगते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जाऊन या. चिंकारा तिथे आहेत ते झाडांमुळे नव्हे, माळामुळे. वीतभर मातीवर पवना, शेडा, मारवेल, डोंगरी अशी गवतं पिढ्यान्‌पिढ्या नांदतायत, तीच त्या मातीला धरून आहेत. याला सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणतात, पुण्यातले लोक पडीक म्हणतात, आणि पर्यावरण दिनाला बस भरून येतात खड्डे घ्यायला. टेकड्यांवरही तेच. गवताची मुळं तोडून, मुरूम वर काढून त्यात गिरिपुष्प लावायचं आणि फोटो काढायचा. एका मंडळाने माझ्याकडे असल्याच माथ्यावरच्या एका तुकड्यासाठी पाचशे वडाची रोपं मागितली होती. जागा बघून आले आणि नाही म्हटलं. त्यांनी दुसरीकडून घेतली.

सुप्याच्या त्या जोडप्याने शेवटी वरच्या अंगाला गवत तसंच ठेवलं, मधल्या उताराला आडवे चर घेऊन सीताफळ आणि आवळा लावला, बोर आधीपासून होतीच, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे पहार अडीच फूट गेली, तिथे हट्टाने सहा केशर. सहाला माझी हरकत नव्हती. बाईंना लॉनही हवं होतं. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

या वर्षी ज्यांना रोपं हवीत त्यांनी खड्डे आत्ताच घ्या, मे महिनाभर उन्हात तापू द्या, वरची काळी एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा, मिसळू नका. खड्ड्याचा फोटो काढताना आत पट्टी किंवा निदान पहार उभी करून काढा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून सकाळी ते राहिलंय का गेलंय तेही कळवा. रोपं मी जूनचा दुसरा चांगला पाऊस झाल्यावरच देते. त्याआधी आलात तर चहा मिळेल.